ऊन पाणी

मोटारसायकलीला मराठी माणसाने फटफटी म्हटले आणि इंजिन बसवलेल्या होडीला बंगाली माणसाने भुटभुटी. दोन्ही नावे कानाने ठेवलेली आहेत. कोशकारांना त्यात कोणी विचारले नसावे. कलकत्त्यास बदली होऊन आलो त्याच आठवड्यात गंगेच्या काठी हा आवाज प्रथम ऐकला आणि मी चमकून मागे पाहिले. आवाज खरे तर समोरून, पाण्यावरून येत होता. पण कानाला तो आमच्या विहिरीच्या अंगाने, उसाच्या फडामागून आल्यासारखा वाटला.

ही नुसती आठवणीची लबाडी नव्हती, हे पुढे ध्यानात आले. भुटभुटीच्या पोटात जे इंजिन असते ते बहुधा शेतीच्या पंपाचेच. एक सिलिंडर, पाच-सहा अश्वशक्ती, डिझेलवर चालणारे आणि हँडल मारून सुरू करायचे. वंगदेशाच्या खेड्यापाड्यांत हेच इंजिन तीनचाकी हातगाड्यावर चढवून त्यातून माणसे, भाजीपाला आणि प्रसंगी नवरदेवही नेतात. त्या वाहनाला ‘भ्यानो’ म्हणतात. गावचा सुतार आणि गावचा लोहार यांनी मिळून केलेली ही करामत आहे. इंजिन बिचारे जन्मले विहिरीच्या काठावर दगडी चौथऱ्यावर बसून पाणी उपसण्यासाठी. आणि आयुष्य काढते नदीच्या लाटांवर डुलत. आपणां बदलीवरच्या माणसांना त्याची स्थिती समजायला जड जाऊ नये.

पण बदली झालेल्या नोकराचे जे होते तेच त्याचेही होते. काम बदलले की ताप होतो, आणि इंजिनाच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा आहे. डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा कामास येतो. तिसरा हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरवाटे जातो. उरलेला हिस्सा सिलिंडरच्या लोखंडात शिरतो; तो कोणी वाहून नेला नाही तर पिस्टन फुगतो, तेल जळते आणि सगळे जागच्या जागी आवळून बसते. विहिरीवर ही व्यवस्था फार सोपी असते. पंपाने उचललेल्या पाण्यातलेच थोडे पाणी एका बारीक नळीने सिलिंडरभोवतीच्या पोकळीत सोडतात. ते तेथून ऊन होऊन बाहेर पडते आणि पाटात मिळते. जोवर पंप पाणी उचलतो आहे तोवर इंजिन थंड. आणि पंपाने पाणी सोडले तर कामही थांबले आणि गारवाही. यापेक्षा निर्मळ हिशेब मी सरकारी खतावण्यांतही पाहिलेला नाही.

आमचे इंजिन किर्लोस्करांचे. आमचे गाव भिलवडीच्या बाजूला, कृष्णाकाठी; तेथून किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर नसली तरी ती आमच्या बोलण्यात शेजारघरासारखी येई. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर केला, आणि 1910 साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलच्या माळावर वसाहत वसवली, ही कथा आम्हां मुलांना रामायणाच्या आधी पाठ असे. डिझेल इंजिनांचा कारखाना मात्र पुण्याला खडकीस, 1946 सालचा. त्याच कुंडलच्या माळावरून 1920 पासून ‘किर्लोस्कर’ मासिक निघे आणि 1930 पासून ‘स्त्री’. नांगर आणि मासिक एकाच आवारातून बाहेर पडावेत, यात त्या काळच्या मराठी माणसाला काही विशेष वाटत नसे. आम्हांला आज ते विशेष वाटते, याचे काय करावे कळत नाही. असो.

आमच्या गावात वीज होती; पण माझ्या शाळा-कॉलेजच्या वर्षांत भारनियमन असे की, वीज येई ती रात्री दोनला आणि जाई ती ऊस निम्मा भिजण्याच्या आत. म्हणून विजेची मोटर बसवूनही आबांनी डिझेल इंजिन हलवले नव्हते. आबा दिवसभर साखर कारखान्यावर कामाला. त्यामुळे ते इंजिन सांभाळले ते खऱ्या अर्थाने आईने. हँडल आबा किंवा मी मारीत असू. एकदा ते सुरू झाले की लक्ष तिचे. ती बांधावर भांगलत असे आणि मधून मधून येऊन त्या बारीक नळीतून पडणाऱ्या पाण्याखाली हात धरी. पाणी अगदी गार असले तरी तिला पसंत नसे. गार इंजिन डिझेल पुरते जाळीत नाही, सिलिंडर लवकर झिजतो, हे मी पुढे पुस्तकात वाचले. ती एवढेच म्हणे, “अजून अंगात आलं न्हाई.” पाण्याखाली हात क्षणभर ठेववावा आणि लगेच मागे घ्यावासा वाटावा, हे तिचे माप. त्यापुढे गेले की ती इंजिन बंद करी आणि मग शोध सुरू होई : ‘फुटबॉल’ची जाळी (फूटव्हॉल्व्हला आमच्याकडे सर्रास फुटबॉलच म्हणतात) पाल्याने बुजली आहे काय, पट्टा सैल आहे काय, नळीत क्षार धरला आहे काय. आमच्या विहिरीचे पाणी जड. दोन-तीन वर्षांत पोकळीत पांढरा थर साचे आणि आबा तो खिळ्याने खरवडून काढीत.

आबांना जाऊन तीन वर्षे झाली. भारनियमन आता पूर्वीसारखे नाही. शेजारच्या दोन मळ्यांत सौर पंप आले. इंजिन पत्र्याच्या खोपीत झाकून ठेवलेले. धाकट्या भावाने गेल्या वर्षी भंगारवाला आणला, त्याने किलोवर भाव सांगितला, आणि आईने काहीच उत्तर दिले नाही. तिने नाही म्हटले असते तर भावाला बरे वाटले असते. तिच्या गप्प राहण्याने घरात एक अडचण उभी राहिली, आणि ती तशीच ठेवून ती भाद्रपदात माझ्याकडे कलकत्त्यास आली.

पितृपक्षातल्या द्वितीयेला आबांची तिथी. सकाळी घाटावर मी तर्पण केले. बंगालीही या पंधरवड्यात गंगेवर तर्पण करतात, त्यामुळे आईला परके वाटले नाही. मंत्र मात्र लांबले असे ती म्हणाली. अकराच्या सुमारास पलीकडच्या तीरावरच्या वनस्पती-उद्यानातला महावट पाहायला जायचे ठरले. कंपनी सरकारने 1787 साली स्थापिलेले ते उद्यान. त्यातल्या वडाचे मूळ खोड रोगाने किडले म्हणून 1925 मध्ये काढून टाकले, आणि झाड पारंब्यांवर उभे आहे. मूळ खोडावाचून झाड जगते कसे, हे आईला पाहायचे होते. दक्षिणेकडच्या एका लहान घाटावर भुटभुटी मिळाली. चौदा उतारू, दोन सायकली, कोंबड्यांची एक पाटी. नारिंगी रंगाची जाकिटे सर्वांच्या गळ्यात होती. नाड्या फारशा कोणी बांधल्या नव्हत्या.

नावाड्याला बंगालीत ‘माझी’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द प्रथम फार चमत्कारिक लागतो. घाटावर उभे राहून कोणी ‘माझी! माझी!’ म्हणून हाक मारू लागला की, काय हरवले याचे अशी शंका येते. हा माझी पन्नाशीचा, लुंगी खोचलेला, थोडा त्रासिक. आम्ही महाराष्ट्रातले हे कळल्यावर तो म्हणाला, “म्हणजे बर्गी!” आणि हसला. बर्गी आले म्हणून 1742 साली इंग्रजांनी या शहराभोवती खंदक खणला. खंदक बुजून त्यावर रस्ते झाले. शब्द बुजला नाही. बंगाली आया पोरांना निजवताना अजून तो शब्द गातात. आईला मी अर्थ सांगितला नाही.

ती इंजिनाजवळ बसली होती. होडीच्या कडेला एक रबरी नळी बाहेर आलेली होती आणि तीतून पाण्याची धार नदीत पडत होती. निम्मी नदी ओलांडली असेल नसेल, आईने सवयीने धारेखाली हात धरला आणि झटकन मागे घेतला.

“आरं, ह्ये पाणी लई कढत येतंय,” ती मला म्हणाली. “धार बी बारीक झालीया. त्याला सांग.”

मी सांगण्यापूर्वीच माझीने तिच्या हाताकडे पाहिले होते. इंजिनाचा आवाजही तोवर बदलला होता. भुट आणि भुट यांच्यामधले अंतर वाढून ते दम लागल्यासारखे बोलू लागले होते. धूर काळा. माझीने रेस कमी केली, थोडा वेळ तसेच हळू चालू दिले, आणि धारेऐवजी वाफेचे फुरके येऊ लागताच बंद केले. एकाएकी जी शांतता झाली तिच्यात कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या.

ओहोटी जोरात होती. होडी खाली वाहू लागली. पूर्व तीरावर गार्डन रीचच्या कारखान्यातल्या राखी युद्धनौका उभ्या होत्या. 1884 पासूनचा हा जहाजांचा कारखाना 1960 मध्ये सरकारी झाला. त्या नौकांच्या पुढून आम्ही पाच अश्वशक्तीचे इंजिन बंद पाडून वाहत चाललो होतो. यात विनोद होता, पण त्या वेळी तो कोणाला सुचला नाही. कारण पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते आणि दुपारी ‘बान’ यायचा होता. समुद्राची भरती हुगळीच्या निमुळत्या पात्रात शिरते तेव्हा उधाणाच्या दिवसांत पाणी हळूहळू चढत नाही. भिंतीसारखी एक लाट वर चालून येते. तिलाच बान म्हणतात. खोल पाण्यात तिच्याकडे नाळ करून उभ्या राहणाऱ्या होडीला ती बहुधा उचलून खाली ठेवते. पण काठाजवळ आडवी सापडलेली होडी तिच्या हाती जाते. नाळ वळवायची तर इंजिन पाहिजे.

एक तरुण उतारू उठला, त्याने नदीतून बादलीभर पाणी उचलले आणि तो इंजिनावर ओतणार एवढ्यात माझी ओरडला, “फेटे जाबे!” आणि त्याने त्याचे मनगट धरले. आईला बंगालीचे एक अक्षर येत नाही. पण हे दोन शब्द तिला मराठीच वाटले. “व्हय रं बाबा, फाटंल,” ती म्हणाली. तापलेल्या बिडाच्या हेडवर गार पाणी पडले तर वरचा थर आकसतो, आतला आकसत नाही, आणि हेडला चीर जाते. मग ते वितळवण्यापलीकडे कशाच्या कामाचे राहत नाही. पूजा तीन आठवड्यांवर आली होती. या दिवसांत त्या माणसाचे हेड फुटले असते तर त्याचा हंगाम गेला असता, आणि कदाचित होडीही. तरुणाने बादली खाली ठेवली. तो जरा रागावलेला दिसला. मदत करणाऱ्याला नको म्हटले की असे होतेच.

मग माझीने जे केले ते मी विज्ञानाचा पदवीधर म्हणून बारकाईने पाहिले. प्रथम पट्टा दाबून पाहिला. ताण ठीक होता. गॅस्केट गेले असते तर धारेत बुडबुडे दिसले असते आणि धूर पांढरा झाला असता, तसे नव्हते. काठीने तेल पाहिले, तेल होते. मग पोऱ्याला सुकाणूवर बसवून तो पोटावर आडवा झाला आणि पाण्यात हात घालून पंपाच्या तोंडाची जाळी त्याने चाचपली. जलपर्णीच्या मुळांचा झुबका आणि प्लास्टिकच्या पिशवीचा एक तुकडा निघाला. सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. माझीने सोडला नाही. त्याने नळी काढून तोंडाने फुंकली, तोंड वेडेवाकडे केले, आणि सायकलवाल्याकडून एक तार मागून घेऊन सिलिंडरच्या भोकात खुपसली. वाफ आली आणि मागोमाग दाट, करडा गाळ. आमच्याकडे क्षार, येथे गाळ. ही नदी चिखल वाहते. बंदर गाळाने भरू नये म्हणून वर फराक्क्याला बंधारा घालून 1975 पासून तीत गंगेचे पाणी वळवलेले आहे. बंदराला जो गाळ पुरून उरतो तो बोटभर नळीला काय दाद देणार?

आता इंजिन निवेपर्यंत थांबणे आले. किती निवले हे कळायला माझीपाशी काही साधन नव्हते. तो हात जवळ नेई आणि मान हलवी. आईने पुढे सरकून पाण्यात बोटे बुडवली आणि हेडवर एक हबका मारला, जसा ती भाकरी टाकण्यापूर्वी तव्यावर मारते. थेंब चर्र करून नाचत उडाले. थोड्या वेळाने पुन्हा मारला. थेंब जागीच चरचरत आटले. माझी तिच्याकडे पाहत राहिला. तिसऱ्या खेपेस आवाज झाला नाही. पाणी नुसते पसरले आणि हळूहळू सुकले.

“आता,” आई म्हणाली. हा शब्द मी भाषांतरित केला नाही.

या सगळ्यास वीस-पंचवीस मिनिटे लागली असतील. हँडल मारल्यावर इंजिन दुसऱ्या फेरीस लागले. धार आता करंगळीएवढी होती. माझीने निम्म्या रेसवर होडी वळवली आणि आम्ही पलीकडच्या तीरास, उद्यानाच्या धक्क्यापासून बरेच खाली, लागलो. उतरून काठावर चढून उभे राहिलो तेव्हा दक्षिणेकडून एक तपकिरी रेघ येताना दिसली. ती आली, काठाला थडाथड आपटत गेली, बांधलेल्या होड्या एकदम उचलल्या गेल्या, आणि मग नदी उलटी वाहू लागली.

लाट गेल्यावरही आम्ही तेथेच बसलो. कारण माझी अजून समाधानी नव्हता. त्याने इंजिन पुन्हा सुरू करून रेस वाढवली की धूर काळा होई, आणि कमी केली की स्वच्छ. मी त्याला विचारले, हे कधीपासून? तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, श्रावणापासून. श्रावणात त्याने पाण्यातला पंखा बदलला होता. पूर्वीचा चौदा इंची होता, नवा सोळा इंची बसवला. होडी जलद जाते, दिवसाला दोन खेपा जास्त होतात.

खरे दुखणे तेथे होते. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. म्हणजे चौदाचा सोळा करून तो तितक्याच फेऱ्यांनी फिरवायचा म्हटले तर शक्ती जवळजवळ दुप्पट पाहिजे. पाच अश्वशक्तीचे इंजिन ती आणणार कोठून? ते मंदावते. मंदावले की त्याच्यातला गव्हर्नर (यंत्रालाही गव्हर्नर असतो आणि तोही सेवकाची प्रकृती विचारात न घेता हुकूम सोडतो) आणखी डिझेल ओततो. ते पुरते जळत नाही, म्हणून काळा धूर. उष्णता वाढते, आणि पाण्याचा पंप याच इंजिनाच्या पट्ट्यावर असल्यामुळे इंजिन मंदावले की तोही मंदावतो. गरज अधिक आणि पाणी कमी. विहिरीवरचा तो निर्मळ हिशेब येथे उलटला होता. गाळ साचला नसता तर कदाचित पूजा निभावली असती, इतकेच.

मी हे सारे माझ्या मोडक्या बंगालीत सांगितले. माझीने ऐकून घेतले. “जानि, बाबू,” तो म्हणाला, जाणतो. पंखा बदलल्यापासून इंजिन कण्हते, हे त्याला माझ्या आधी ठाऊक होते. दोन खेपांचे पैसेही ठाऊक होते. इंजिन कोणत्या कारखान्याचे, असे आईने मला विचारायला लावले. पाटीवरची अक्षरे झिजून गेली होती. बापाने घेतले होते, सेकंडहँड, एवढे तो सांगू शकला. पूर्वी ते कोठल्या तरी भातशेतीवर होते.

महावट पाहायचा राहिला नाही. आई त्याच्या पारंब्यांतून बराच वेळ हिंडली, पण बोलली काहीच नाही. परतताना आम्ही बसने पुलावरून आलो.

त्या रात्री तिने भावाला फोन लावायला सांगितले. इंजिन भंगारात घालायचे नाही. कोणी चालवणारा गिऱ्हाईक मिळाला तर दे, भाव कमी आला तरी चालेल, असे तिने सांगितले. भावाने अलीकडून वाद घातला असावा, कारण ती दोनदा “किलोवर न्हाई” म्हणाली.

पूजेनंतर मी एकदा त्या घाटाकडे गेलो होतो. माझीने चौदा इंची पंखा परत बसवला होता. पूजेचे चार दिवस मात्र सोळावरच काढले, हे त्याने आपण होऊन सांगितले. दर दोन खेपांनी थांबून हेडवर पाण्याचा हबका मारीत असे, ‘मासिमा’ने दाखवला तसा. आता खेपा दोनने कमी झाल्या आहेत, आणि पलीकडच्या घाटावरची नवी होडी त्याच्या पुढे जाते. तो ते सांगताना त्या होडीकडे पाहत नव्हता.

दिवाळीच्या आसपास भावाला गिऱ्हाईक मिळाले. कृष्णेच्या पलीकडच्या एका गावातला शेतकरी. नदीकाठी त्याची दोन एकर जमीन आहे आणि तेथवर विजेची लाइन गेलेली नाही. तो टेम्पो घेऊन आला. आईने त्याला आधी विहिरीवर तास-दीड तास इंजिन चालवायला लावले, नळीखाली हात धरून पाहिला, आणि मग टेम्पोत चढवू दिले. पाणी नीट येत होते, एवढेच तिने मला फोनवर सांगितले. किंमत किती आली ते भावाकडून कळले.